काँगच्या केसांतली बोटे

१९३३ साली प्रदर्शित झालेल्या ‘किंग काँग’मधला तो अजस्र वानर पडद्यावर असतो तेव्हा त्याच्या अंगावरचे केस सतत हलत असतात. वारा नसतो, तरीही कधी खांद्यावरची, कधी छातीवरची लव दबते आणि पुन्हा उभी राहते. ही हालचाल कोणी ठरवून केलेली नव्हती. काँगचे बाहुले जेमतेम पंचेचाळीस सेंटिमीटर उंच होते आणि त्यावर सशाचे केसाळ कातडे चढवलेले होते. एक चित्र टिपून झाले की कारागीर बाहुल्याचा हात किंवा मान किंचित सरकवत असे, आणि तसे करताना त्याची बोटे कातड्यावर टेकून लव विस्कटत असे. हा दोष लोकांच्या नजरेत येईल अशी धास्ती कारागिरांना होती, पण चित्रपट पाहणाऱ्या एका अधिकाऱ्याने ‘रागाने त्याचे केस कसे फुलले आहेत पाहा’ अशी दाद दिली, असा किस्सा सांगितला जातो. किस्सा खरा असो वा रचलेला, ते केस आजही हलताना दिसतात, आणि चित्र थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवली तर बोट नेमके कोठे टेकले होते हेसुद्धा हेरता येते.

असे चित्र थांबवून पाहण्याची सोय सामान्य प्रेक्षकाच्या हाती आली ती चित्रपटाच्या तबकडीमुळे. त्या तबकडीवर मूळ चित्रपटाखेरीज आणखी काय काय ठेवता येते, ते तेथे बसवले कसे जाते, आणि या जास्तीच्या मजकुराचा सर्वाधिक लाभ कॅमेऱ्यासमोरच्या हातकरामतीला का झाला, हे या लेखात पाहायचे आहे.

प्रथम शब्दांविषयी. ज्याला आज ‘प्रॅक्टिकल इफेक्ट’ म्हणतात त्याला आपल्याकडची जुनी पिढी सरसकट ‘ट्रिकसीन’ म्हणत असे. चित्रीकरण आटोपल्यावर संगणकावर जोडलेले चित्र म्हणजे प्रॅक्टिकल इफेक्ट नव्हे. चित्रीकरणाच्या क्षणी कॅमेऱ्यासमोर खरोखर अस्तित्वात असलेल्या वस्तूच्या साह्याने घडवलेला भास म्हणजे प्रॅक्टिकल इफेक्ट. ती वस्तू बाहुले असेल, रबराचा मुखवटा असेल, रंगवलेली काच असेल किंवा वीतभर उंचीचे घर असेल. ‘स्पेशल एडिशन’ हा शब्द मात्र इतका नेमका नाही. चित्रपटासोबत त्याच्या निर्मितीचा माहितीपट, कापलेली दृश्ये, दृश्यांची आगाऊ रेखाटने, जाहिराती आणि चित्रपट चालू असताना ऐकू येणारी जाणकारांची कॉमेंट्री यांपैकी काहीही असले तरी खोक्यावर हे दोन शब्द छापता येतात, आणि पुष्कळदा काहीच नसतानाही ते छापलेले असतात.

काँगच्या हालचालीमागचे तंत्र समजून घेण्यासाठी अमेरिकेत जाण्याआधी मुंबईत थांबणे सोयीचे आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याला अंकुर फुटून रोप वाढत असताना रोज थोडी थोडी फिल्म खर्चून ती वाढ टिपली, आणि अनेक दिवसांत घडलेली ती गोष्ट पडद्यावर क्षणार्धात दाखवून भांडवल देऊ शकणाऱ्यांना आपल्या कलेची खात्री पटवली. चलच्चित्र म्हणजे मुळात स्थिर चित्रांची रांग असते. ती रांग सेकंदाला चोवीस या वेगाने डोळ्यांपुढून गेली की डोळा तिला सलग हालचाल मानतो, आणि दोन चित्रांच्या मध्ये प्रत्यक्षात किती वेळ गेला हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. फाळक्यांनी त्या मधल्या वेळात निसर्गाला काम करू दिले. त्याच मधल्या वेळात माणसाने हात घालून निर्जीव वस्तू थोडीशी सरकवली, तर ती वस्तू पडद्यावर आपणहून चालू लागते. फाळक्यांनी १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काडेपेटीतल्या काड्यांकडून हेच करून घेतले होते. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव ‘स्टॉप मोशन’. एका मिनिटाच्या दृश्यासाठी १,४४० वेळा बाहुले सरकवायचे आणि १,४४० वेळा चित्र टिपायचे, एवढेच त्याचे गणित आहे, पण मधे एकदा जरी विसर पडला, दिवा हलला किंवा टेबलाला धक्का लागला, तरी त्या क्षणापर्यंतची मेहनत वाया जाते.

‘किंग काँग’च्या जंगलात काही खरी झाडेही ठेवलेली होती. दिवसभर खपून चित्रित केलेल्या एका दृश्यात मागचे फूल हळूहळू उमलताना दिसल्यामुळे ते सारे काम टाकून द्यावे लागले, असे सांगतात. फाळक्यांनी जे मुद्दाम साधले ते येथे नको असताना घडले.

या बाहुल्यांचा कर्ता विलिस ओब्रायन, आणि त्यांचे धातूचे सांगाडे व त्यांवरचे रबर-कापसाचे स्नायू घडवणारा मार्सेल डेलगाडो. सांगाड्याचे सांधे पुरेसे घट्ट असावे लागतात, नाहीतर हात दिलेल्या जागी न थांबता खाली येतो. आणि पुरेसे सैलही असावे लागतात, नाहीतर बोटाच्या हलक्या दाबाने तो सरकत नाही. बेटावरचा काँग अठरा फूट उंच भासावा म्हणून अठरा इंचांचे बाहुले वापरले, आणि न्यूयॉर्कच्या उंच इमारतींपुढे तो खुजा वाटू लागल्यामुळे तेथे चोवीस इंचांचे वापरले. म्हणजे चित्रपटाच्या मध्यात नायक चक्क सहा फुटांनी वाढतो, आणि ते फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. जवळून दिसणाऱ्या चेहऱ्यासाठी पूर्ण आकाराचे डोके आणि खांदे बांधून त्यांवर अस्वलाची कातडी चढवली होती. त्याच्या पोटात बसलेली तीन माणसे तरफांनी आणि दाबलेल्या हवेने डोळे, भुवया व ओठ हलवत. नायिकेला धरणारा भलामोठा हात निराळा.

खरा प्रश्न याच्या पुढचा होता. बाहुले टेबलावर आहे, माणूस मात्र साडेपाच-सहा फुटांचा आहे. दोघे एकाच चित्रात यायचे कसे? गुहेच्या दृश्यात नायक कड्याच्या कपारीत लपतो आणि काँग वरून हात घालून त्याला चाचपतो. त्यासाठी नायकाचे चित्रीकरण आधी स्वतंत्रपणे उरकून घेतले. मग टेबलावरच्या छोट्या कड्यात, कपारीच्या ठिकाणी, एक चिमुकला पडदा बसवला आणि त्याच्या मागून ती आधीची फिल्म एकेक फ्रेम पाडली. पडद्यावर नायकाची एक फ्रेम, तिच्याशी जुळणारी काँगच्या हाताची एक स्थिती, आणि दोन्ही मिळून कॅमेऱ्यात एक चित्र; मग पुढची फ्रेम, पुढची स्थिती, पुढचे चित्र. शब्दांत हे रुक्ष वाटेल, पण त्या दृश्यात सुरीने वार करणारा माणूस आणि बोट झटकून मागे घेणारा काँग यांच्यात जो संवाद दिसतो तो असा, फ्रेमला फ्रेम जुळवून, उभा केलेला आहे.

आता तबकडीकडे वळू. १९७८ च्या अखेरीस अमेरिकेत लेझरडिस्क विक्रीला आली. ती दिसायला जुन्या ग्रामोफोनच्या मोठ्या रेकॉर्डएवढी, तीस सेंटिमीटर व्यासाची आणि चकचकीत होती. तिच्यावरचे सूक्ष्म खड्डे लेझरच्या किरणाने वाचले जात. तिचा एक प्रकार असा होता, की तबकडीचा एक फेरा म्हणजे बरोबर एक चित्र. मिनिटाला १,८०० फेरे, म्हणजे सेकंदाला तीस चित्रे. या साध्या जुळणीमुळे एक मोठी गोष्ट साधली: किरण पुढे न सरकवता त्याच फेऱ्यावर फिरत ठेवला, की पडद्यावर तेच चित्र स्वच्छ आणि स्थिर राहते, आणि तबकडीचे काहीही झिजत नाही, कारण तिला कशाचा स्पर्शच होत नाही. व्हिडिओ कॅसेट थांबवली की चित्रावर पट्टे उमटत आणि फितही घासली जाई. तो त्रास येथे नव्हता. तबकडीच्या एका बाजूवर ५४,००० चित्रे मावत आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असे. तेव्हा चलच्चित्राऐवजी स्थिर छायाचित्रे, रेखाटने, पटकथेची पानेसुद्धा प्रत्येकी एक फ्रेम देऊन ठेवता येत होती. एका सेकंदाच्या जागेत तीस पाने. या सोयीची किंमत म्हणजे एका बाजूवर अर्धाच तास मावे. शंभर मिनिटांच्या ‘किंग काँग’ला अशा चार बाजू लागतात. दुसऱ्या प्रकारच्या लेझरडिस्कवर बाजूला एक तास मावे, पण तेथे बाहेरच्या मोठ्या फेऱ्यांत एकाहून अधिक चित्रे येत, त्यामुळे निव्वळ फेरा धरून चित्र थांबवता येत नसे.

१९८४ साली क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’ या लेझरडिस्क काढल्या, आणि ‘किंग काँग’वर प्रथमच चित्रपटाच्या बरोबरीने चालणारी कॉमेंट्री ठेवली. ती लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात चित्रपट विभाग सांभाळणारे रोनाल्ड हेवर यांनी केली होती. ही कल्पना सुचण्यामागे पुष्कळ व्यासंग असेल, पण ती शक्य होण्यामागचे कारण अगदी साधे होते. लेझरडिस्कवर ध्वनीच्या दोन वाटा होत्या, डावी आणि उजवी. १९३३ चा चित्रपट एकाच वाटेच्या ध्वनीचा असल्यामुळे त्याला एक पुरत होती आणि दुसरी मोकळी पडत होती; त्या मोकळ्या वाटेवर माणूस बोलू लागला. प्रेक्षकाने एक बटण फिरवले की चित्रपटाच्या आवाजाऐवजी त्याच चित्रांवर एक जाणकार सांगू लागे, की आता दिसतो तो कडा टेबलावरचा आहे आणि त्यामागचे धुके काचेवर रंगवलेले आहे. पुस्तकात हे वाचताना चित्र समोर नसते आणि व्याख्यानात ते क्षणभर येऊन जाते. येथे सांगणे आणि दिसणे एकाच वेळी घडत होते.

आपल्याकडे लेझरडिस्क फारशी आली नाही. सर्वसामान्य मराठी घरात चित्रपटाची तबकडी आली ती व्हीसीडीच्या रूपाने, आणि ती जेमतेम सव्वा तासाची असल्यामुळे एका चित्रपटाला दोन लागत. मध्यंतराच्या सुमारास कोणीतरी उठून चकती बदलायची हा नेमच होता. तिच्यातही डावी-उजवी युक्ती उपलब्ध होती, आणि कराओकेच्या व्हीसीडींत ती वापरलीही जाई: एका बाजूला गायकासह गाणे, दुसऱ्या बाजूला नुसती वाद्ये. तीच मोकळी बाजू एखाद्या मराठी छायालेखकाच्या किंवा कलादिग्दर्शकाच्या आवाजाने भरली असती, तर आज आपल्याजवळ केवढे संचित असते, या विचाराने हळहळ वाटते.

डीव्हीडी जपानमध्ये १९९६ साली आणि अमेरिकेत १९९७ साली आली, आणि जागेचे गणित पालटले. येथे चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके यांची छोटी छोटी पाकिटे करून ती एकाच ओळीत आलटून पालटून लिहिलेली असतात. आपण निवडलेली पाकिटे प्लेअर उचलतो आणि बाकीची सोडून देतो. एका चित्रपटाला ध्वनीच्या आठ, उपशीर्षकांच्या बत्तीस आणि चित्राच्या नऊ वाटा देता येतात. या वाटांचा भार मात्र सारखा नाही, आणि कोणत्या तबकडीवर काय मिळेल हे या भारावरच ठरते. कॉमेंट्रीचा साधा दुहेरी ध्वनी सेकंदाला १९२ किलोबिट घेतो असे धरले, तर दोन तासांना सुमारे १७३ मेगाबाइट लागतात. दोन थरांच्या ८.५ गिगाबाइटच्या डीव्हीडीवर ही जागा जेमतेम दोन टक्के. चित्राला सेकंदाला पाच मेगाबिट धरले, तर तासाभराच्या माहितीपटाला सव्वादोन गिगाबाइट, म्हणजे पाव तबकडीहून अधिक जागा लागते. म्हणून चांगल्या आवृत्त्यांत कॉमेंट्री चित्रपटाच्याच तबकडीवर असते आणि माहितीपटांना दुसरी तबकडी द्यावी लागते. उगाच खोका जाड दिसावा म्हणून दोन तबकड्या नसतात. निदान नेहमीच नसतात.

थरांवरून एक गोष्ट आठवते. दोन थरांची डीव्हीडी लागलेली असताना चित्रपटाच्या मध्येच चित्र क्षणभर अडकत असे आणि आम्ही तबकडी काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत असू. पुसून काही उपयोग नव्हता, कारण तेथे ओरखडा नसून किरण पहिल्या थरावरून दुसऱ्या थरावर नजर वळवत होता.

एकाच तबकडीवर चित्रपटाची मूळ आणि वाढीव अशी दोन रूपे ठेवण्याची युक्तीही याच काळातली. चित्रपटाचे तुकडे करून समाईक तुकडे एकदाच लिहितात, वाढीव तुकडे वेगळे ठेवतात, आणि कोणत्या क्रमाने कोणते तुकडे वाचायचे याच्या दोन याद्या करतात. कीर्तनात पूर्वरंग तोच ठेवून आख्यान बदलावे तसे हे आहे.

२००५ साली ‘किंग काँग’ची दोन तबकड्यांची डीव्हीडी निघाली, आणि माझ्या मते जास्तीचा मजकूर किती दूर जाऊ शकतो याचा ती उत्तम नमुना आहे. तिच्या कॉमेंट्रीत बाहुल्यांच्या चलनाचे सर्वांत ख्यातनाम कलावंत रे हॅरीहाउसेन बोलतात, ज्यांनी लहानपणी हाच चित्रपट पाहून आयुष्याची दिशा ठरवली. पण मुख्य गोष्ट निराळी आहे. मूळ चित्रपटात ओंडक्यावरून दरीत कोसळलेल्या खलाशांना तळाशी राक्षसी कोळी आणि तत्सम प्राणी खातात असे एक दृश्य होते. दिग्दर्शक मेरियन कूपर यांनी ते काढून टाकले, कारण त्यामुळे काँगची गोष्ट थांबते असे त्यांना वाटले. त्या दृश्याची फिल्म पुढे कोणाला सापडली नाही. उरली ती पटकथा, काही रेखाटने आणि छायाचित्रे. स्वतःचा ‘किंग काँग’ करत असलेले पीटर जॅक्सन आणि न्यूझीलंडमधले त्यांचे सहकारी यांनी या अवशेषांवरून बाहुली घडवली, कृष्णधवल चित्रांत, हाताने, एकेक फ्रेम टिपत ते दृश्य नव्याने उभे केले आणि तबकडीवर ठेवले. हाताशी संगणकाचे मोठे दालन असताना त्यांनी संगणकाचा सोपा मार्ग घेतला नाही, कारण जुन्या चित्रपटात चपखल बसेल अशी हालचाल जुन्याच पद्धतीने मिळणार होती. येथे जास्तीचा मजकूर करामतीविषयी केवळ बोलत नाही, ती करामत करून दाखवतो.

हे काही अगदी नवे नव्हते. फाळक्यांनी १९१७ साली ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाचा लघुपट काढला होता, आणि त्याच्या शिल्लक राहिलेल्या भागात ते स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्म न्याहाळताना दिसतात. पडद्यामागचे दाखवले तर जादू संपेल ही भीती त्यांना वाटली नाही.

जॅक्सन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या वाढीव आवृत्त्यांनी ही रीत कळसाला नेली. २००२ च्या अखेरीस पहिल्या भागाचा चार तबकड्यांचा संच निघाला. दोन तबकड्यांवर २०८ मिनिटांचा चित्रपट आणि चार स्वतंत्र कॉमेंट्री, उरलेल्या दोन निव्वळ निर्मितीच्या माहितीपटांसाठी. त्यांतले प्रमाणाच्या खेळाचे प्रकरण तर कोणत्याही शाळेत दाखवावे असे आहे. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, त्यामुळे जवळची लहान वस्तू आणि दूरची मोठी वस्तू त्याला सारखीच दिसते. उंच जादूगाराला कॅमेऱ्याजवळ आणि बुटक्याला त्याच्या मागे बराच दूर बसवले, दोघांमधले टेबल दोन निरनिराळ्या मापांच्या तुकड्यांतून केले आणि ते तुकडे कॅमेऱ्याच्या कोनातून जोडल्यासारखे दिसतील असे ठेवले, की एकाच टेबलाशी बसलेली दोन असमान माणसे तयार होतात. पण कॅमेरा जरा जरी बाजूला सरकला तरी जवळची वस्तू झपाट्याने आणि दूरची सावकाश सरकते, आणि टेबलाची जोड उघडी पडते. धावत्या एसटीच्या खिडकीतून जवळचे खांब पळतात आणि लांबचा डोंगर जागेवर राहतो, तोच हा नियम. जॅक्सन यांच्या लोकांनी उपाय असा काढला, की कॅमेरा सरकेल त्या प्रमाणात टेबलाचा एक तुकडा त्यावरच्या नटासकट सरकत्या चौथऱ्यावरून हलवायचा. पडद्यावर काहीच हलल्यासारखे वाटत नाही. माहितीपटात मात्र शांतपणे चहा पिणारा नट चौथऱ्यासह घरंगळत जाताना दिसतो, आणि हसू आवरत नाही.

छोट्या प्रतिकृतींचे गणितही येथेच सांगून टाकतो, कारण ते माहितीपटांत अर्धवट येते. पाच मीटर उंचीवरून सोडलेला दगड जमिनीवर यायला साधारण एक सेकंद घेतो. त्या इमारतीची पंचविसाव्या हिश्श्याची प्रतिकृती केली तर उंची वीस सेंटिमीटर होते, आणि तेवढे अंतर दगड सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात पडतो. पाहणारा लगेच म्हणतो की हे खेळणे आहे. उंची पंचविसाव्या हिश्श्यावर आली तरी वेळ पाचव्याच हिश्श्यावर येतो, कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून सेकंदाला चोवीसऐवजी एकशेवीस चित्रे टिपायची आणि ती नेहमीच्या वेगाने दाखवायची, की तुकडे पुन्हा जडपणे कोसळू लागतात. प्रत्येक चित्राला पाचपट कमी वेळ मिळाल्यामुळे पाचपट प्रकाश मात्र द्यावा लागतो. पाणी आणि आग या युक्तीलाही पुरते दाद देत नाहीत, कारण प्रतिकृती कितीही लहान केली तरी पाण्याचा थेंब लहान होत नाही. जुन्या चित्रपटांतली समुद्री वादळे फसलेली दिसतात ती यामुळे.

जॉन कार्पेंटर यांचा १९८२ चा ‘द थिंग’ हा दुसऱ्या टोकाचा नमुना. येथे रॉब बॉटिन नावाच्या विशीतल्या कलावंताने रबर, प्लास्टिक, जिलेटिन, मेयोनीज आणि वितळवलेले बबलगम यांतून सतत रूप बदलणारा जीव घडवला, आणि अखेरीस थकव्याने त्याला रुग्णालयात भरती व्हावे लागले. एका दृश्यात डॉक्टर रुग्णाच्या छातीवर विजेचा झटका द्यायला हात टेकतो, छाती जबड्यासारखी उघडते आणि त्याचे दोन्ही हात तोडते. त्यासाठी कोपरांखाली हात नसलेल्या एका माणसाला डॉक्टरच्या चेहऱ्याचा मुखवटा घातला आणि मेणाची हाडे व रबराच्या शिरा असलेले नकली हात जोडले. पुढे मान ताणून तुटते त्या दृश्यात वितळलेल्या पदार्थांची ज्वलनशील वाफ खोलीत साचलेली होती, आणि दृश्यात ज्वाळा दिसाव्यात म्हणून कॅमेऱ्यापुढे आग पेटवताच सगळ्यानेच पेट घेतला. चित्रपटगृहांत हा चित्रपट चालला नाही. त्याची आजची ख्याती घरबसल्या पाहणाऱ्यांनी घडवली, आणि १९९८ च्या निर्मितीविषयक दीर्घ माहितीपटाचा त्यात मोठा वाटा आहे असे मला वाटते, कारण तो पाहिल्यावर किळस मागे पडून कारागिरी दिसू लागते.

बहुतेक जास्तीचा मजकूर मात्र कंटाळवाणा असतो, हेही सांगायला हवे. नट दिग्दर्शकाची पाठ थोपटतो, दिग्दर्शक नटाची, आणि वीस मिनिटांची जाहिरात संपते. रबर, तारा आणि सांधे हाताळणारी माणसे बोलू लागली की असे होत नाही. कोणता डिंक सुटला, कोणती मोटर अडकली, कोणता हात तिसऱ्यांदा करावा लागला याविषयी ती बोलतात, आणि बोलता बोलता ती वस्तू फडताळातून काढून दाखवतात. संगणकावरच्या कामात अक्कल कमी नसते, पण दाखवायला हातात काही उरत नाही, आणि पडद्यावरच्या पडद्याचे चित्रण पाहून मन रमत नाही.

चित्र जितके स्वच्छ, तितकी युक्ती उघडी पडते, ही याची दुसरी बाजू. १९५३ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधली मंगळावरची याने तारांनी टांगलेली होती. त्या वेळच्या टेक्निकलर छपाईत चित्र किंचित मऊ येई आणि तारा त्यात बुडून जात. पुढे घरगुती आवृत्त्यांत त्या स्पष्ट दिसू लागल्या आणि लोक हसू लागले. अलीकडच्या पुनरुज्जीवनात त्या पुन्हा दडवल्या आहेत. याला कोणी लबाडी म्हणतात. प्रेक्षकाला १९५३ साली जे दिसले तेच दाखवायचे असेल, तर तारा दडवणेच मला रास्त वाटते, मात्र तबकडीवर तसे स्पष्ट सांगितलेले असावे. मुंबईत बाबूभाई मिस्त्री यांना १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’नंतर ‘काळा धागा’ हे टोपणनाव पडले, कारण काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. तो दोरा पडद्यावर दिसू न देण्यातच त्यांचे कौशल्य होते.

स्ट्रीमिंगवर पुष्कळदा नुसताच चित्रपट असतो, त्यामुळे या मजकुरासाठी आजही तबकडीच शोधावी लागते. परदेशातून मागवताना विभागांचे अंक पाहून घ्यावेत, कारण एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालेलच असे नाही. डीव्हीडीत भारताचा विभाग पाच, अमेरिकेचा एक आणि ब्रिटनचा दोन; डीव्हीडीनंतर आलेल्या ब्ल्यू-रे तबकडीत भारताचा ‘सी’, अमेरिकेचा ‘ए’ आणि ब्रिटनचा ‘बी’. चार-केच्या अल्ट्रा एचडी तबकड्यांना असा विभाग नसतो, पण संचातल्या सोबतच्या ब्ल्यू-रेला तो असू शकतो, आणि जास्तीचा मजकूर बहुधा तिच्यावरच असतो. कॉमेंट्रीला उपशीर्षके आहेत का हेही पाहावे. भरभर बोललेले अमेरिकी इंग्रजी सर्वांनाच झेपते असे नाही.

पाहण्याचा क्रम मी असा ठेवतो. पहिल्यांदा चित्रपट सलग, कशाचाही विचार न करता, दुसऱ्यांदा कॉमेंट्रीसह, माहितीपट त्यानंतर एखाद्या निराळ्या दिवशी. आणि ‘किंग काँग’ असेल, तर शेवटी गुहेच्या दृश्याशी येऊन चित्र थांबवावे. कपारीतला माणूस बाकीच्या चित्राहून किंचित फिकट आणि दाणेदार दिसतो, कारण ते चित्राचे चित्र आहे. त्याच्या अंगावर येणाऱ्या केसाळ हाताची लव मात्र त्याच फ्रेममध्ये स्वच्छ उमटलेली असते, आणि ती मनगटाजवळ दबलेली असते.